एआय टूल्स आणि टाइपस्क्रिप्टचे टाइप्स: सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

यातले बरेच प्रश्न आधी मलाच पडलेले आहेत, काही टीममध्ये नवीन आलेल्यांनी विचारलेत, आणि दोनतीन असे आहेत जे कुणी विचारत नाही पण विचारायला हवेत. कोड मुद्दाम दिलेला नाही. तो प्रत्येक फ्रेमवर्कच्या डॉक्समध्ये मिळतो आणि दर मोठ्या व्हर्जनला बदलतो, त्यामागचं गणित मात्र तेच राहतं.

## टूल डेफिनिशन म्हणजे नेमकं काय असतं?

मॉडेल स्वतः काहीच करत नाही, ते फक्त मजकूर तयार करतं. आपण त्याला सांगायचं की बाबा रे, माझ्याकडे ही एवढी फंक्शन्स आहेत, याचं नाव हे, काम हे, आणि इनपुट या आकाराचं लागतं. मॉडेलला गरज वाटली की ते म्हणतं "रिफंडवालं टूल चालवा, इनपुट हे घ्या" आणि तिथेच थांबतं. फंक्शन चालवणं तुमच्या कोडचं काम, आणि आलेलं उत्तर परत मॉडेलपुढे ठेवणंही तुमच्याच कोडचं.

ओपनएआयने जून २०२३ मध्ये एपीआयमध्ये फंक्शन कॉलिंग आणलं तेव्हा इनपुटचा आकार सांगायला जेसन स्कीमा (जेसन डेटात कुठली फील्ड्स, कुठल्या प्रकारची हवीत ते लिहायची पद्धत) वापरला, आणि पुढे बाकीच्यांनीही साधारण तोच रस्ता धरला. म्हणजे एका टूलमध्ये नाव, वर्णन, इनपुटचा स्कीमा आणि एक्झिक्यूट फंक्शन असतं, कधी जोडीला आउटपुटचा स्कीमा. पहिल्या तीन गोष्टी नेटवर्कवरून मॉडेलकडे जातात आणि फंक्शन तुमच्या सर्व्हरवरच राहतं. ही वाटणी डोक्यात पक्की करा, पुढचे निम्मे घोळ इथूनच सुरू होतात.

## टाइपस्क्रिप्ट वापरतोय ना, मग ते आपोआप टाइप-सेफ नाही का?

नाही ना. टाइपस्क्रिप्टचे टाइप्स कंपाइल झालं की पुसले जातात, रनटाइमला तुमचा तो सुंदर इंटरफेस कुठेच नसतो. आणि मॉडेलकडून येतं ते बाहेरून आलेलं जेसन, कंपायलरने ते कधी बघितलेलंच नाही. ओपनएआयच्या एपीआयमधून तर टूलचे आर्ग्युमेंट्स चक्क स्ट्रिंग म्हणून येतात, त्या तुम्ही जेसन डॉट पार्समधून काढता, त्याचा रिटर्न टाइप आहे एनी, आणि एनी म्हणजे कंपायलरला "तू गप्प बस" म्हणून सांगणं. त्यावर कुणीतरी "ॲज रिफंडइनपुट" (म्हणजे हा डेटा रिफंडइनपुट टाइपचाच आहे असं मान) लिहितं आणि एडिटरमधल्या लाल रेघा गेल्या म्हणून खूश होतं. ॲज ही तपासणी नाही हो, ती दुसऱ्याच्या वतीने आपण घेतलेली शपथ आहे.

माझीच गोष्ट सांगतो. इंटरफेस एका फाइलमध्ये, हाताने लिहिलेला जेसन स्कीमा दुसऱ्या फाइलमध्ये. इंटरफेसमध्ये फील्डचं नाव कॅमलकेसमध्ये होतं, स्कीमामध्ये अंडरस्कोरवालं. मॉडेलने इमानदारीत स्कीमाप्रमाणे अंडरस्कोरवालं पाठवलं, माझ्या कोडने कॅमलकेसवालं वाचलं, मिळालं अनडिफाइन्ड, ते तसंच डेटाबेसच्या क्वेरीत गेलं, आणि आम्ही जी लायब्ररी वापरत होतो ती फिल्टरमध्ये अनडिफाइन्ड आलं की ती अटच सोडून द्यायची. परिणाम काय, तर एका ऑर्डरऐवजी सगळ्याच ऑर्डर्स बाहेर आल्या. नशीब की टेस्टिंगमध्ये होतो. कंपायलरने एक चकार शब्द काढला नव्हता, कारण त्याच्या मते सगळं बरोबरच होतं.

## मग टाइप-सेफ टूल म्हणजे काय काय सेफ असतं?

तीन सांधे आहेत. पहिला, स्कीमा आणि एक्झिक्यूट फंक्शनचं आर्ग्युमेंट यांच्यातला, म्हणजे स्कीमा बदलला की फंक्शनच्या आत लगेच एरर दिसला पाहिजे, हा कंपायलर सांभाळतो. दुसरा, मॉडेलने पाठवलेला डेटा आणि स्कीमा यांच्यातला, तिथे कंपायलरचा काही उपयोग नाही, रनटाइमला व्हॅलिडेशनच लागतं. तिसरा, टूलने परत दिलेली गोष्ट आणि ती वापरणारा यूआय यांच्यातला, ज्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं.

या तिन्ही ठिकाणी उभी राहू शकेल अशी एकच वस्तू आहे, ती म्हणजे रनटाइमला जिवंत असलेला स्कीमा. म्हणून स्कीमा एकदाच लिहायचा आणि टाइप त्यातून काढायचा. टाइप आणि स्कीमा वेगवेगळे हाताने लिहिले की आज ना उद्या ते एकमेकांपासून फुटणार.

## इंटरफेस आधी लिहून त्यातून स्कीमा काढला तर नाही चालणार?

चालतं, कोड जनरेट करणारी टूल्स आहेत. पण इंटरफेसमध्ये "कमीत कमी १, जास्तीत जास्त ५०" किंवा "हा ईमेल आहे" हे लिहायला नीट जागा नसते, ते कॉमेंटमध्ये कोंबावं लागतं, शिवाय बिल्डमध्ये एक पायरी वाढते जी कुणीतरी चालवायला विसरतं. मला उलटी दिशाच पटते.

## स्कीमा कशात लिहू? झॉडच पाहिजे का?

झॉड ही स्कीमा लिहून डेटा तपासायची लायब्ररी; तीच पाहिजे असं नाही, पण जवळपास प्रत्येक फ्रेमवर्कच्या डॉक्समधली उदाहरणं झॉडमध्ये असतात म्हणून सुरुवात तिथूनच होते. झॉड ४ मध्ये (२०२५) जेसन स्कीमा काढायची सोय आतच आली, त्याआधी वेगळं पॅकेज लागायचं. व्हॅलिबॉटचा भर बंडल लहान ठेवण्यावर आहे, ब्राउझरमध्ये स्कीमा पाठवायचा असेल तर विचार करण्यासारखं आहे. आर्कटाइपमध्ये तुम्ही जवळजवळ टाइपस्क्रिप्टच्याच भाषेत लिहिता. आणि टाइपबॉक्सची गंमत वेगळी, त्याचा स्कीमा हाच मुळात जेसन स्कीमाचा ऑब्जेक्ट असतो, त्यामुळे मध्ये रूपांतराची भानगडच नाही.

झॉड, व्हॅलिबॉट आणि आर्कटाइपच्या कर्त्यांनी मिळून स्टँडर्ड स्कीमा नावाचा एक छोटा करार केलाय, ज्यामुळे फ्रेमवर्कला "तू कुठली लायब्ररी" हे विचारावं लागत नाही, कुठलाही स्कीमा द्या, तो व्हॅलिडेट करता येतो आणि टाइपही कळतो. फक्त एक लक्षात घ्या, मूळ करार तेवढाच आहे. मॉडेलकडे पाठवायला जेसन स्कीमा लागतो आणि ते रूपांतर हा वेगळा विषय आहे, म्हणून "स्टँडर्ड स्कीमाला सपोर्ट आहे" एवढं वाचून लायब्ररी बदलायला घेऊ नका, आधी रूपांतर कोण करतंय ते बघा.

## टूल शेवटी एक ऑब्जेक्टच आहे, मग ते हेल्पर फंक्शन कशाला?

वर्सेल एआय एसडीके (टाइपस्क्रिप्टमध्ये एआय ॲप लिहायची लायब्ररी) मधलं टूल नावाचं फंक्शन उघडून बघितलंत तर हसू येईल, दिलेला ऑब्जेक्ट ते तसाच परत देतं. रनटाइमला त्याचं काम शून्य. सगळं काम टाइप्सचं आहे.

कारण असं की साध्या ऑब्जेक्टमध्ये एका प्रॉपर्टीचा टाइप दुसऱ्या प्रॉपर्टीवरून आपोआप ठरत नाही. इनपुटस्कीमामध्ये काय आहे हे शेजारच्या एक्झिक्यूटला कळत नाही, मग त्याचं आर्ग्युमेंट गुपचूप एनी होतं, किंवा टाइपस्क्रिप्टचा स्ट्रिक्ट मोड असेल तर एरर येतो. जेनेरिक फंक्शनमधून तोच ऑब्जेक्ट पास केला की टाइपस्क्रिप्ट आधी स्कीमावरून टाइप ओळखतं आणि मग तोच एक्झिक्यूटच्या आर्ग्युमेंटला चिकटवतं.

हीच युक्ती बाकीच्या एआय फ्रेमवर्क्समध्येही आहे, नावं वेगळी. लँगचेनमध्येही टूल नावाचंच फंक्शन आहे, पण तिथे पहिलं आर्ग्युमेंट तुमचं फंक्शन आणि दुसरं नाव-वर्णन-स्कीमा. मास्ट्रामध्ये क्रिएटटूल, जेनकिटमध्ये डिफाइनटूल. टॅनस्टॅक एआयमध्ये आधी नुसती व्याख्या करायची आणि मग तिच्यावर सर्व्हर किंवा क्लायंट लावून अंमलबजावणी जोडायची. मला ही विभागणी आवडते, कारण व्याख्या दोन्हीकडे इम्पोर्ट करता येते आणि सर्व्हरचा कोड चुकूनही ब्राउझरच्या बंडलमध्ये जात नाही.

## जुनं ट्युटोरियल बघून लिहिलं, तर पॅरामीटर्स नावाची की चालतच नाही?

एआय एसडीके ५ मध्ये तिचं नाव बदलून इनपुटस्कीमा झालं. इंटरनेटवरचे अर्धे लेख आणि खुद्द मॉडेल्स अजून जुनंच नाव लिहून देतात. नाव बदला, पुढे जा.

## सगळी टूल्स एकत्र केली की टाइप्स उडून जातात, असं का?

नव्वद टक्के वेळा तुम्हीच उडवलेले असतात, चांगल्या हेतूने. टूल्सचा ऑब्जेक्ट केला आणि नीटनेटकं दिसावं म्हणून व्हेरिएबलला "रेकॉर्ड, की स्ट्रिंग, व्हॅल्यू टूल" असा टाइप लावला. झालं. आता कंपायलरला एवढंच माहीत की कुठल्यातरी नावाची कुठलीतरी टूल्स आहेत, कुठलं टूल काय घेतं ती माहिती गेली. टाइप लावूच नका, किंवा आकार तपासायचाच असेल तर सॅटिसफाइज वापरा, टाइपस्क्रिप्ट ४.९ पासून आहे (नोव्हेंबर २०२२) आणि ते तपासतं पण मूळचा बारीक टाइप तसाच ठेवतं. एआयच्या कोडमध्ये मी हा शब्द जितका वापरलाय तितका आयुष्यात कुठे वापरला नसेल.

दुसरं कारण म्हणजे ॲरे. ॲरेमध्ये टूल्स टाकली की त्यांचा एक युनियन (यापैकी कुठलाही एक, असा टाइप) होतो, आणि टूलचं नाव साधी स्ट्रिंग म्हणून धरलं गेलं असेल तर कुठल्या नावाला कुठला इनपुट हे परत शोधता येत नाही. ऑब्जेक्टमध्ये की हेच नाव असतं म्हणून हा प्रश्न येत नाही. ॲरेच मागणारं फ्रेमवर्क असेल तर नाव लिटरल टाइप (नेमकं तेच नाव, कुठलीही स्ट्रिंग नव्हे) म्हणून टिकतंय का ते एडिटरमध्ये माउस नेऊन बघा.

एवढं जमलं की बक्षीस मोठं आहे. टूल कॉल हा नावावरून ओळखता येणारा युनियन होतो, स्विचमध्ये रिफंडची केस लिहिली की आतला इनपुट रिफंडचाच असतो. शेवटी डिफॉल्टमध्ये नेव्हरवाली तपासणी (इथे कुठलाच प्रकार उरलेला नसावा, अशी) टाकून ठेवा, म्हणजे कुणी नवीन टूल जोडलं आणि यूआयमध्ये हाताळायचं विसरलं तर बिल्डच फुटेल.

## ऑप्शनल, नलेबल, डिफॉल्ट, कुठलं कधी?

इथे सगळ्यात जास्त डोकं खाल्लं जातं म्हणून जरा सविस्तर.

ऑप्शनल म्हणजे की नसली तरी चालेल, नलेबल म्हणजे की पाहिजे पण व्हॅल्यू नल असू शकते. माणसाने लिहिलेल्या कोडमध्ये आपण फरक फारसा मनावर घेत नाही. पण ओपनएआयने ऑगस्ट २०२४ मध्ये स्ट्रक्चर्ड आउटपुट्स आणलं, त्यातल्या स्ट्रिक्ट मोडची अट अशी की प्रत्येक फील्ड रिक्वायर्डच्या यादीत हवं आणि जास्तीच्या कीजना परवानगी नको. म्हणजे तिथे ऑप्शनल चालतच नाही, त्याऐवजी नलेबल करायचं आणि मॉडेल "नाही" म्हणायला नल पाठवणार. झॉडमध्ये ऑप्शनल लिहिलेला स्कीमा दुसऱ्या प्रोव्हायडरकडे छान चालत होता आणि इथे चारशेचा एरर देतोय, असं झालं तर पहिले हेच बघा. मी स्वतः आता दोन्हीकडे चालावं म्हणून नलेबल लिहितो आणि फंक्शनच्या पहिल्या ओळीत नलचा निकाल लावतो.

डिफॉल्टची वेगळीच गंमत. डिफॉल्ट लावलेल्या फील्डला दोन टाइप असतात, आत येताना ऑप्शनल आणि पार्स होऊन बाहेर पडताना पक्का. झॉडमध्ये झेड डॉट इनपुट आणि झेड डॉट आउटपुट असे दोन वेगळे टाइप काढता येतात आणि झेड डॉट इन्फर हा आउटपुटवाला असतो. एक्झिक्यूटला आउटपुटवाला मिळतो, ते बरोबरच आहे. पण मॉडेलला जो जेसन स्कीमा दाखवायचा तो इनपुट बाजूचा पाहिजे, कारण मॉडेल इनपुट लिहितं. झॉड ४ चं रूपांतर स्वतः कॉल करत असाल तर ते काहीच न सांगता आउटपुट बाजू धरतं, मग डिफॉल्टवालं फील्ड रिक्वायर्ड दिसतं, आणि तुम्ही विचार करत बसता की मॉडेल प्रत्येक वेळी हे कशाला भरतंय. आयओ नावाचा ऑप्शन आहे, त्यात इनपुट सांगा.

## तारीख कशी घेऊ?

स्ट्रिंग म्हणून. जेसनमध्ये तारीख हा प्रकारच नाही, आणि झेड डॉट डेट टूलच्या इनपुटमध्ये लिहिलंत तर झॉड ४ जेसन स्कीमा काढतानाच एरर फेकतं (फेकतं ते बरंच आहे). आयएसओ फॉरमॅटची स्ट्रिंग घ्या, वर्णनात फॉरमॅट आणि टाइमझोन स्पष्ट लिहा, आणि डेट ऑब्जेक्ट आत बनवा. आणि हो, "पुढचा मंगळवार" मॉडेलने काढावा अशी अपेक्षा असेल तर आज कुठली तारीख आहे ते त्याला सांगा आधी, त्याच्याकडे घड्याळ नसतं.

मोठ्या आयडींचंही असंच. जावास्क्रिप्टचा नंबर ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे अचूक राहात नाही, त्यामुळे डेटाबेसचा लांबलचक आयडी नंबर म्हणून घेतलात तर शेवटचे आकडे गुपचूप बदलू शकतात. आयडी नेहमी स्ट्रिंग.

## कोअर्स वापरलं की सगळं सोपं होतं ना?

कोअर्स म्हणजे आलेली व्हॅल्यू जबरदस्तीने हव्या त्या टाइपमध्ये बदलणं. नंबरपुरतं ठीक. बूलियनला अजिबात नको. झेड डॉट कोअर्स डॉट बूलियन आतून जावास्क्रिप्टचंच बूलियन वापरतं, आणि त्याच्या हिशोबाने "फॉल्स" ही रिकामी नसलेली स्ट्रिंग आहे म्हणजे ट्रू. मॉडेलने अवतरणात "फॉल्स" पाठवलं आणि तुमच्या "खरंच डिलीट करायचं का" वाल्या फील्डमध्ये ट्रू आलं, एवढं पुरेसं आहे ना कळायला. हे टाइप्सच्या नजरेने शंभर टक्के बरोबर आहे, बूलियन मागितला बूलियन मिळाला.

## वर्णनाचा टाइप्सशी काय संबंध?

मॉडेलच्या दृष्टीने वर्णन हाच अर्धा टाइप आहे. "अमाउंट, नंबर" एवढंच लिहिलं तर १५०० म्हणजे रुपये की पैसे, हे त्याने कसं ओळखायचं? टाइप दोन्हीकडे नंबरच. फील्डच्या नावातच एकक घाला, वर्णनात एक उदाहरण द्या. ठराविकच पर्याय असतील तर स्ट्रिंग न घेता एनम घ्या, कारण एनम मॉडेललाही कळतो आणि कंपायलरलाही, एका दगडात दोन पक्षी.

झॉड ४ वाल्यांसाठी एक बारीक काटा आहे. डिस्क्राइब (वर्णन जोडणारी मेथड) सगळ्यात शेवटी लावा. तिथे वर्णन त्या विशिष्ट स्कीमाच्या प्रतीला चिकटलेलं असतं आणि झॉडची प्रत्येक मेथड नवीन प्रत देते, त्यामुळे डिस्क्राइबनंतर मिन किंवा मॅक्स लावलं की वर्णन मागेच राहू शकतं. एरर नाही, वॉर्निंग नाही, फक्त टूल आधीपेक्षा जरा मठ्ठ वागायला लागतं.

रिफाइनचंही (झॉडमध्ये आपला स्वतःचा नियम लावायची मेथड) सांगून ठेवतो. "शेवटची तारीख सुरुवातीच्या नंतर हवी" असली तपासणी जेसन स्कीमात जातच नाही, ती फक्त तुमच्याकडे चालते. मॉडेलला तो नियम कळावा असं वाटत असेल तर तो वर्णनातही शब्दांत लिहावा लागेल.

## स्ट्रिक्ट मोड चालू आहे, मग व्हॅलिडेशन काढून टाकू?

नका काढू. स्ट्रिक्ट मोडमध्ये मॉडेलला शब्द निवडतानाच स्कीमाच्या चौकटीत ठेवलं जातं, त्यामुळे आकार बिघडायचे प्रकार खरंच थांबतात. पण टोकनची (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं त्यांची) मर्यादा संपून उत्तर मध्येच तुटू शकतं, मॉडेल नकार देऊ शकतं, रिफाइनचे नियम तिथे नसतात, आणि उद्या कुणीतरी प्रोव्हायडर बदलणार. मॉडेलच्या एका कॉलला जेवढा वेळ लागतो त्यापुढे झॉडचं पार्सिंग म्हणजे काहीच नाही.

## व्हॅलिडेशन फेल झालं तर एरर थ्रो करायचा का?

यूजरच्या तोंडावर नाही. चूक मॉडेलची आहे तर दुरुस्त करायची संधी मॉडेललाच द्या, एरर टूलचा निकाल म्हणून परत पाठवा. अँथ्रॉपिकच्या एपीआयमध्ये टूलच्या निकालावर इज-एरर असा झेंडा लावता येतो, बाकी ठिकाणी मजकुरातच लिहायचं. बहुतेक वेळा पुढच्या फेरीत मॉडेल बरोबर पाठवतं, पण त्यासाठी मेसेज त्याला समजेल असा हवा: कुठलं फील्ड, काय आलं, काय अपेक्षित होतं. अख्खा स्टॅक ट्रेस पाठवू नका, टोकन्स वाया जातात आणि आतल्या गोष्टी बाहेर पडतात त्या वेगळ्या. आणि फेऱ्यांना मर्यादा घाला, नाहीतर दोघं एकमेकांना समजावत बसतील आणि बिल तुम्ही भराल.

## आउटपुटचा स्कीमा खरंच लागतो का? फंक्शनचा रिटर्न टाइप आहे की.

टूल आणि यूआय एकाच प्रोसेसमध्ये असते तर नसता लागला. पण निकाल जेसन होऊन वायरवरून जातो, आणि तिथे रिटर्न टाइप खोटं बोलायला लागतो. डेट ऑब्जेक्ट परत दिलात, पलीकडे स्ट्रिंग पोचली, टाइप अजूनही डेटच म्हणतोय, आणि ब्राउझरमध्ये गेटफुलइयर हे फंक्शनच नाही म्हणून पान कोसळलं. मॅप आणि सेट तर रिकामे ऑब्जेक्ट होऊन जातात. अनडिफाइन्डवाल्या कीज गायब.

दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. झॉडचा साधा ऑब्जेक्ट स्कीमा अनोळखी कीज काढून टाकतो, म्हणजे डेटाबेसची अख्खी रो उचलून परत दिलीत तरी आउटपुट स्कीमामधून पार्स केल्यावर फक्त सांगितलेल्या कीज पुढे जातात. पासवर्डचा हॅश किंवा कुणाचा फोन नंबर मॉडेलच्या कॉन्टेक्स्टमध्ये जाण्यापासून वाचतो. फक्त तुमचं फ्रेमवर्क आउटपुट खरंच पार्स करतंय की स्कीमा नुसता टाइपसाठी ठेवलाय, ते एकदा जास्तीची की टाकून बघा, अंदाजावर राहू नका.

## एमसीपी सर्व्हरवरून आलेल्या टूल्सचे टाइप्स कसे मिळतील?

आपोआप नाही मिळत. एमसीपी (बाहेरच्या सर्व्हरवरची टूल्स मॉडेलला जोडायचा, अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये आणलेला प्रोटोकॉल) मध्ये टूल्सची यादी रनटाइमला विचारली जाते, कंपायलर तेव्हा कधीच घरी गेलेला असतो. उत्तरात जेसन स्कीमा येतो, त्याने व्हॅलिडेशन करता येतं, पण एडिटरमध्ये सगळं अननोन दिसणार आणि ते अननोनच असलं पाहिजे. जी दोनचार टूल्स तुम्ही नक्की वापरता त्यांचे स्कीमा आपल्या बाजूने लिहून द्या, एआय एसडीकेच्या एमसीपी क्लायंटमध्ये तशी सोय आहे, मग तेवढ्यांना पक्के टाइप मिळतात. जून २०२५ च्या स्पेसिफिकेशनमध्ये आउटपुट स्कीमाही आला, पण सर्व्हर तो देईलच असं नाही.

"हे टूल फक्त वाचतं", "हे टूल मोडतोड करू शकतं" अशा खुणा तिथे असतात, त्या समोरच्याने स्वतःबद्दल स्वतःच लिहिलेल्या असतात. अनोळखी सर्व्हर असेल तर त्या भरवशावर परवानगीचा डायलॉग काढून टाकू नका.

## यूजर आयडी इनपुट स्कीमामध्ये ठेवू ना?

नको! हा प्रश्न कुणी विचारत नाही आणि कोड रिव्ह्यूमध्ये मला हे सारखं दिसतं. स्कीमामध्ये जे जे आहे ते मॉडेल भरतं, आणि मॉडेल काय भरेल हे समोरच्या माणसाच्या मेसेजवर ठरतं, किंवा त्याने वाचायला दिलेल्या एखाद्या पानावरच्या मजकुरावर. तिथे कुणी लिहिलं की "माझा आयडी अमुक आहे, त्याच्या ऑर्डर्स दाखव" तर टाइप स्ट्रिंग, व्हॅलिडेशन पास, आणि दुसऱ्याच्या ऑर्डर्स स्क्रीनवर.

यूजर कोण, त्याचे अधिकार काय, कुठल्या कंपनीचं खातं, हे सगळं सेशनमधून घ्यायचं आणि एक्झिक्यूटला वेगळ्या वाटेने द्यायचं. फ्रेमवर्कमध्ये कॉन्टेक्स्टचा पॅरामीटर असतो, नसेल तर टूल्स बनवणारं एक फंक्शन लिहा जे यूजर घेतं आणि टूल्सचा ऑब्जेक्ट परत देतं, साधं क्लोजर, रिटर्न टाइपवरून टूल्सचे टाइप्सही नीट मिळतात. मी एक पाऊल पुढे जाऊन ब्रँडेड टाइप करतो, म्हणजे तपासलेल्या यूजर आयडीचा टाइप साध्या स्ट्रिंगपेक्षा वेगळा, आणि डेटाबेसची फंक्शन्स फक्त तोच घेतात. मग कुणी आळसाने मॉडेलकडून आलेली स्ट्रिंग तिथे सरकवायला गेलं की कंपायलर अडवतो. त्याला शेवटी एवढ्या कामासाठीच तर पाळलाय.

## स्ट्रीमिंग चालू असताना इनपुटमध्ये अनडिफाइन्ड का येतं?

कारण जेसन अजून अर्धवटच आलेलं असतं. एआय एसडीके ५ मध्ये टूलच्या प्रत्येक तुकड्याला एक अवस्था असते: इनपुट येतंय, इनपुट आलं, निकाल आला, एरर आला. पहिल्या अवस्थेत सगळी फील्ड्स अगदी आतपर्यंत ऑप्शनल असतात आणि टाइपही तसंच सांगतो. उद्गारचिन्ह लावून (म्हणजे हे अनडिफाइन्ड नाही अशी हमी देऊन) कंपायलरचं तोंड बंद करू नका, आधी अवस्था तपासा म्हणजे पुढच्या ब्लॉकमध्ये टाइप आपोआप पक्का होतो.

## एडिटर रांगतोय आणि "टाइप इन्स्टन्शिएशन फार खोल आहे" असा एरर येतोय?

आधी बघा की प्रोजेक्टमध्ये झॉडच्या दोन व्हर्जन्स तर नाहीत, एक तुमची आणि एक फ्रेमवर्कने ओढून आणलेली. तीन आणि चार एकमेकांत मिसळले की असले एरर येतात आणि मेसेजवरून खरं कारण अजिबात कळत नाही. ते नसेल तर स्कीमा फार खोल गेलाय. पाच पातळ्या आत जाणारं इनपुट मॉडेललाही झेपत नाही, सपाट करा, किंवा एका टूलची दोन करा. फार करू नका तेही, टूल्सची संख्या वाढली की मॉडेल चुकीचं टूल निवडायला लागतं, ओपनएआयच्या डॉक्समध्येही एका वेळी २० च्या आत ठेवा असा ढोबळ सल्ला आहे.

## हे सगळं टेस्ट कसं करायचं?

मॉडेलला हात न लावता बरंच होतं. प्रत्येक टूलचा जेसन स्कीमा स्नॅपशॉट म्हणून रेपोमध्ये ठेवा, म्हणजे कुणी डिस्क्राइबची जागा हलवली किंवा झॉडची व्हर्जन बदलली आणि मॉडेलला दिसणारं चित्र बदललं तर ते डिफमध्ये दिसतं, हाच एक टेस्ट सगळ्यात जास्त उपयोगी पडलाय मला. टाइप्ससाठी टीएस-एक्स्पेक्ट-एररची कॉमेंट लावून मुद्दाम चुकीचा कोड लिहा, ज्या दिवशी तो चालायला लागेल त्या दिवशी बिल्ड ओरडेल. आणि प्रॉडक्शनच्या लॉगमधून व्हॅलिडेशन फेल झालेले खरे इनपुट्स काढून (खाजगी माहिती पुसून) फिक्श्चर, म्हणजे टेस्टसाठी ठेवलेले नमुने, बनवा. मॉडेल्स जशा चुका करतात तशा आपल्याला बसून सुचत नाहीत. माझ्या फाइलमध्ये एक आहे ज्यात ॲरेच्या जागी एक स्ट्रिंग आलीय आणि त्या स्ट्रिंगच्या आत अख्खा ॲरे जेसन करून बसवलाय.